मोटारमालकाचा हात : नवशिक्यांच्या चुकांचा इतिहास

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीच्या दिशेनें निघालें कीं कशेळी, काल्हेर, पूर्णा अशीं गांवें एकामागून एक लागतात. मुंबईहून नाशिकमार्गें आग्र्याकडे जाणारा जुना आग्रा रस्ता तो हाच. आज पूर्णा गांवाच्या आसपास गुदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल सांठवावा आणि लागेल तसा शहरांत न्यावा, या सोयीमुळें भिवंडी तालुक्याचा हा पट्टा गुदामांचा झाला. २०१७ सालीं जकात गेली. गुदामें मात्र राहिलीं. अशा गुदामांतून फिरणाऱ्या मालांत मोटारीचे सुटे भागहि असतात. पूर्वी एका लहानशा भागासाठीं मुंबईचा चोरबाजार किंवा कुर्ल्याचीं दुकानें धुंडाळावीं लागत; आज घरबसल्या मागणी नोंदवावी आणि दोन-तीन दिवसांत खोकें दारांत यावें, इतकें तें सोपें झालें आहे. खोक्यांतून भाग येतो. तो बसविणारा हात मात्र ज्याचा त्यालाच घडवावा लागतो.

म्हणूनच याच रस्त्याच्या कडेला, ऐन पावसाळ्यांत, बॉनेट उघडून वांकलेला एखादा गृहस्थ आजहि दिसतो. हें दृश्य या देशांत मोटारीइतकेंच जुनें आहे. घरच्या घरीं गाडी दुरुस्त करूं पाहणाऱ्या अशा नवशिक्याची चूक झाली, कीं लोक ती उतावळेपणाच्या किंवा अडाणीपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. परंतु गेल्या सव्वाशें वर्षांचा हिशेब पाहिला तर निराळीच गोष्ट ध्यानांत येते. या चुकांपैकीं पुष्कळशा चुका कोणे एके काळीं चुका नव्हत्याच. कालच्या यंत्रावर त्या रीती बरोबर होत्या, किंवा निदान निरुपद्रवी होत्या. यंत्र बदललें, आणि हात मात्र जुनाच राहिला.

मुंबईंत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. जमशेटजी टाटा हे त्यांच्या अगदीं आरंभींच्या मालकांपैकीं एक होत. मोटार ही घोडागाडीच्या जागीं आलेली वस्तु, म्हणून तिची व्यवस्थाहि घोडागाडीसारखीच लागली. कोचमनाच्या जागीं शोफर आला, मोतद्दाराच्या जागीं क्लीनर आला, आणि मालक पूर्वीप्रमाणेंच मागच्या बैठकीवर बसला. त्यानें यंत्राला हात लावावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती. तथापि हौस ही गोष्ट अपेक्षा पाहून येत नाहीं. शोफर रजेवर असला, कीं मालक स्वतः पुढें होई आणि इंजिनाचें हँडल हातीं घेई.

गृहस्थी घरांतील हाताला कांहीं फिरविण्याचें काम नवें नव्हतें. जात्याचा खुंटा आणि शिवणयंत्राचें चाक घरोघर होतें. या सर्वांची मूठ एकच : अंगठा दांड्याभोंवतीं आवळावा आणि जोर करावा. जातें आपण होऊन उलट फिरत नाहीं. मोटारीचें इंजिन मात्र फिरतें. दट्ट्या वरच्या टोंकास पोंचण्यापूर्वींच ठिणगी पडली, तर आंतील वायु अवेळीं पेट घेतो आणि दट्ट्याला मागें लोटतो; त्याबरोबर हँडल विजेच्या वेगानें उलट उसळतें. भोंवतीं आवळलेला अंगठा सुटत नाहीं, आणि सगळा तडाखा मनगटावर बसतो. अंगठ्याच्या बाजूस मनगटाजवळ होणाऱ्या एका अस्थिभंगाला शल्यवैद्य अद्यापि शोफरच्याच नांवानें ओळखतात. जाणता माणूस आधीं ठिणगीची कळ मागें घेई, अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवी आणि हँडल खालून वर ओढी. वरून खालीं कधीं दाबीत नसे. पुढें १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यानें योजलेला विजेचा स्टार्टर आला आणि हें संकट हळूहळू ओसरलें. तरी आपल्याकडे अ‍ॅम्बॅसडरसारख्या गाडींत हँडल पुढें कित्येक वर्षें जवळ बाळगलें जात असे, आणि बॅटरी बसली कीं तोच जुना धडा पुन्हा गिरवावा लागे.

पहिल्या महायुद्धानंतर मोटार हळूहळू धनिकांच्या आवारांतून बाहेर पडली. १९१९ सालीं मुंबईंत मोटारवाल्यांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था निघाली. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें शिवडी येथें गाड्यांची जोडणी सुरू केली. डॉक्टर, वकील, इंजिनियर असे लोक आतां स्वतः गाडी हांकूं लागले, आणि रविवारीं सकाळीं बाह्या सरसावून तिच्याखालीं शिरूं लागले. नवशिक्यांचा खरा वर्ग येथें निर्माण झाला.

त्या वेळच्या ब्रेकांत लोखंडी सळया आणि तारा असत. पायानें दट्टा दाबला कीं सळई ओढली जाई आणि चाक आवळलें जाई. सांधा कुरकुरला तर तेलाचे चार थेंब सोडावे, हें साधें शहाणपण होतें. मग १९३६ सालीं शेव्हरोले गाड्यांत, आणि १९३९ सालीं फोर्ड गाड्यांत, द्रवाच्या दाबानें चालणारे ब्रेक आले. त्यांत सळई नाहीं. पायाचा दाब नळींतल्या द्रवामार्फत चारहि चाकांकडे जातो, आणि तो द्रव गळूं नये म्हणून आंत रबरी वाट्या बसविलेल्या असतात. तो द्रव त्या काळीं एरंडेल व मद्यार्क यांच्या मिश्रणाचा असे. डब्यांतील द्रव कमी झालेला दिसतांच नवशिक्या आपल्या जुन्या संवयीनें त्यांत यंत्राचें खनिज तेल ओती. तेल तें तेल, असा त्याचा हिशेब.

या चुकीचें वैशिष्ट्य असें, कीं ती त्याच दिवशीं उघडकीस येत नाहीं. गाडी फाटकाबाहेर पडते, ब्रेक लागतात, मालक समाधान पावतो. इकडे खनिज तेलानें रबरी वाट्या फुगूं लागतात. कांहीं दिवसांनीं ब्रेक सुटेनासे होतात. किंवा वाट्या मऊ पडून द्रव गळतो आणि पायाखालचा दट्टा थेट तळाशीं जाऊन टेकतो. आग्रा रस्त्याच्या वाटसरूला कसाऱ्याचा थळ घाट लागतो. त्या उतारावर हा क्षण आला तर काय होईल, हें निराळें सांगावयास नको. आजहि ब्रेकच्या डब्याच्या झांकणावर कोणता द्रव घालावा हें छापलेलें असतें; तीं दोन अक्षरें वाचण्यास लागणारा वेळ घाटांत परत मिळत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानें एक वेगळीच आपत्ति आणली. १९४१ सालीं पेट्रोलवर नियंत्रण आलें. बस-कंपन्यांनीं आणि खाजगी मालकांनींहि गाड्यांना कोळशाच्या वायूचीं संयंत्रें जोडलीं. मागें एक उंच भट्टी, तींत लांकडी कोळसा. अपुऱ्या हवेंत धुमसणाऱ्या त्या कोळशापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायु इंजिनांत जाळावयाचा, अशी ती युक्ति. पेट्रोलच्या गाडीची चावी बंद केली कीं गाडी झोंपली. रात्रीं गॅरेजचें दार लावून घेतलें तरी कांहीं बिघडत नसे. भट्टीची गोष्ट तशी नाहीं. इंजिन थांबलें तरी कोळसा धुमसतच राहतो, आणि आतां वायु जाळणारें इंजिन नसल्यामुळें तो बंद खोलींत पसरतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांतील प्राणवायूची जागा घेतो, आणि माणूस गुंगी येऊन पडतो. युद्ध संपलें, भट्ट्या गेल्या, परंतु हा धडा संपला नाहीं. पेट्रोलचें किंवा डिझेलचें इंजिन बंद गॅरेजांत नुसतें चालू ठेवून आवाज ऐकत बसणें, ही त्याच चुकीची धाकटी बहीण होय.

१९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्या बाहेर पडूं लागल्या. क्राइस्लर घराण्याच्या या गाड्यांत एक खुबी असे. डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांचे आटे उलटे असत. गाडी पुढें जातांना डावीकडचें चाक ज्या दिशेनें फिरतें, त्यामुळें साधे आटे सैल होण्याचें भय, म्हणून ही योजना. घरांतला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक बरणीचें झांकण एकाच दिशेनें सुटतें अशी खात्री असलेला नवशिक्या पंक्चर झालें कीं डाव्या चाकाला पाना लावी आणि सोडविण्याऐवजीं आवळी. बोल्ट सुटत नाहीं असें पाहून तो पान्याला लांब नळी लावी, तींवर उभा राही, आणि शेवटीं बोल्ट मुळासकट तोडून हातांत घेई. बोल्टावर पुष्कळदां एक अक्षर कोरलेलें असे. चिखल पुसला असता तर तें दिसलें असतें.

पंक्चरच्या त्याच प्रसंगीं दुसरी एक चूक घडे, आणि ती याहून भयंकर. बैलगाडीच्या आंसाला टेकू देऊन चाक काढण्याची रीत या रस्त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. बैल सोडलेली गाडी एका जागीं राहते आणि तिचें वजन चार माणसें पेलूं शकतात. मोटारीचें वजन टनाच्या घरांत जातें, तिचीं रबरी चाकें जराशा उतारावरहि गडगडतात, आणि पावसानें भिजलेल्या कडेच्या मातींत जॅकचा पाय खचतो. जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, उचलून धरण्याचें नव्हे. चाक बदलण्यापुरता त्याचा आधार घ्यावा; त्याच्या भरंवशावर गाडीखालीं शिरूं नये. या नियमाला मोटारीच्या इतिहासांत कोणत्याहि काळीं अपवाद झालेला नाहीं.

स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांची आयात आंखडली. देशी गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. जी गाडी इतक्या प्रतीक्षेनें मिळाली ती वीस वर्षें टिकविणें हें ओघानेंच आलें. कुर्ल्याच्याच कारखान्यांत १९६४ पासून तयार होऊं लागलेली फियाट ११०० डिलाइट, जी पुढें प्रीमियर पद्मिनी या नांवानें घराघरांत पोंचली, ती मराठी मध्यमवर्गाची पाठशाळा ठरली. प्लग साफ करणें, पॉइंटांतील फट पत्रीनें मोजणें, कार्ब्युरेटरचें जेट फुंकणें, हीं कामें कित्येक गृहस्थांस येऊं लागलीं.

पण त्या पाठशाळेची फीहि होती. जुन्या अमेरिकन गाड्यांत आणि अ‍ॅम्बॅसडरमध्यें इंजिनाचें हेड बिडाचें असे. बीड कठीण, प्लग कितीहि आवळला तरी आटे सहसा जात नसत. फियाटचें हेड अ‍ॅल्युमिनियमचें. तोच जोर तेथें लावला, कीं मऊ धातूचे आटे चुऱ्यासारखे निघून येत, आणि चार आण्यांच्या आवळणीपायीं सबंध हेड उतरवावें लागे. मिस्त्री लोकांची रीत साधी होती. प्लग प्रथम नुसत्या बोटांनीं फिरवून तळापर्यंत न्यावा. तो बोटांनीं जात नसेल तर तिरका बसला आहे असें समजून बाहेर काढावा. आणि पाना शेवटच्या किंचित् ओढीपुरताच लावावा. हेडचे नट आवळतांना तर ते मध्यापासून बाहेर, आणि एका दमांत नव्हे तर दोन-तीन फेऱ्यांत आवळीत. डब्याचें झांकण लावावें तसे एका टोंकाकडून सुरुवात करणाऱ्याचें हेड वांकें बसे आणि गॅस्केट जळे.

रेडिएटरची कथा अशीच आहे. जुन्या रेडिएटरची टोपी म्हणजे नुसतें झांकण असे. पाणी उकळलें तर वाफ फुस्स करून निघून जाई. कापड धरून टोपी काढावी आणि पाणी ओतावें, इतकेंच. पुढें दाब धरून ठेवणाऱ्या टोप्या आल्या. दर चौरस इंचास सात पौंडांचा दाब असला कीं पाणी १०० अंशांवर उकळत नाहीं. तें सुमारें १११ अंशांपर्यंत पाणीच राहतें. त्यामुळें इंजिनाचें काम सुधारलें. परंतु ती टोपी तापलेल्या गाडीवर उघडली, कीं दाब क्षणांत नाहींसा होतो, आंतील पाण्याचा कांहीं भाग तत्क्षणीं वाफ होतो, आणि उकळतें पाणी तोंडावर व हातावर उडतें. घरांत प्रेशर कुकर आला तेव्हां गृहिणीनें तो निवाल्याशिवाय उघडावयाचा नाहीं हें पहिल्या आठवड्यांत शिकून घेतलें. त्याच घरांतील गृहस्थ दारांतल्या गाडीची टोपी मात्र गरम असतांना फिरवीत राहिले. गाडी थंड होईतों अर्धा-पाऊण तास स्वस्थ बसून राहणें, हेंहि दुरुस्तीचेंच एक अंग आहे, ही गोष्ट कित्येकांना पटण्यास हात भाजावा लागला.

काळे झालेले हात धुण्याची जी रीत पडली तिचा इतिहास तर अधिकच गंभीर आहे. तेलकट हात आणि सुटे भाग पेट्रोलनें धुवावे, ही पद्धत मोटारीबरोबरच आली. १९२१ सालीं अमेरिकेंत टॉमस मिजली यानें पेट्रोलमध्यें टेट्राएथिल लेड हें शिशाचें संयुग मिसळल्यास इंजिनाची खडखड थांबते असें शोधून काढलें, आणि १९२३ पासून असें पेट्रोल विकलें जाऊं लागलें. हें संयुग त्वचेंतूनहि शरीरांत शिरतें आणि मज्जासंस्थेवर आघात करतें. बाटलींतलें पेट्रोल दिसावयास तेंच होतें. हात धुणारा मात्र आतां विषानें हात धूत होता. भारतांत शिसेयुक्त पेट्रोल २००० सालीं सर्वत्र बंद झालें. तरी पेट्रोलमध्यें बेंझीन आहेच, आणि त्याची वाफ एका ठिणगीची वाट पाहत असते. तेव्हां ती रीत आजहि त्याज्यच होय.

१९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली. तिच्याबरोबर बॉनेटखालचें जगहि बदलूं लागलें. फियाटची टायमिंगची साखळी झिजली कीं खडखडून सूचना देई. नव्या गाड्यांतील रबरी पट्टा मुकाट्यानें झिजतो आणि एके दिवशीं तुटतो. आवाज ऐकून दुरुस्ती करणाऱ्या कानाला येथें कांहींच ऐकूं येत नाहीं. पट्टा किती किलोमीटरांनीं बदलावा हें पुस्तकांत लिहिलेलें असतें; तेथें कान निरुपयोगी, पुस्तकच प्रमाण.

जुन्या मिस्त्रींच्या दोन परीक्षा प्रसिद्ध होत्या. पहिली, इंजिन चालू असतां बॅटरीची तार सोडावयाची. इंजिन चालत राहिलें तर डायनॅमो चांगला. डायनॅमो जाऊन ऑल्टरनेटर आला, आणि याच परीक्षेनें त्यांतील डायोड व नाजुक विद्युत्-मंडलें जळूं लागलीं. दुसरी, एकेका प्लगची तार काढून कोणता सिलिंडर मेला आहे तें पाहावयाचें. १९९५ सालीं मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धुरांतील विषारी द्रव्यांचें कमी घातक द्रव्यांत रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. आतां तार काढली कीं न जळलेलें पेट्रोल त्या कन्व्हर्टरमध्यें जाऊन जळतें, आणि त्यांतील महाग धातूंचा लेप असलेली जाळी वितळण्याची वेळ येते. २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन इंधनाचें नियंत्रण संगणकाकडे गेलें, तेव्हां स्क्रू फिरवून गाडी सुधारणाऱ्या हातापुढें फिरवावयास स्क्रूच उरला नाहीं.

आणि आतां विजेची गाडी आली आहे. पुण्याजवळील रांजणगांवच्या कारखान्यांतून बाहेर पडणारी टाटांची नेक्सॉन २०२० सालीं विजेवर धांवूं लागली. काम करण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी म्हणजे भय नाहीं, हा बारा व्होल्टांच्या जमान्यांतील नियम पन्नास वर्षें खरा होता. विजेच्या गाडींत लहान बॅटरीची तार सोडली तरी तळाशीं असलेल्या मोठ्या बॅटरींत शेंकडों व्होल्टांची वीज तशीच उभी असते. तिच्या जाड तारांवर नारिंगी रंगाचें वेष्टण मुद्दाम घातलेलें असतें. हा रंग म्हणजे मालकाच्या हाताची सीमा होय.

या इतिहासाचा अर्थ मालकानें गाडीला हात लावूं नये असा मात्र नाहीं. सपाट जागीं गाडी उभी करून तेलाची कांडी पाहणें, थंड इंजिनांत पाण्याची पातळी बघणें, टायरांतील हवा आणि झीज तपासणें, बॅटरीच्या टोंकांवर आलेला पांढरा क्षार पुसणें, हीं कामें ज्याची गाडी त्यानेंच करावीं. जो तीं करतो त्याची गाडी आडवाटेला सहसा थांबत नाहीं, आणि मिस्त्रीहि त्याला सहसा फसवीत नाहीं. प्रश्न हाताचा नसून क्रमाचा आहे. आधीं पाहावें, मग वाचावें, मग हात घालावा. नवशिक्या हा क्रम उलटा करतो, कारण त्याला आपल्या हाताची खात्री असते. आणि ही खात्री बहुधा मागच्या गाडीची असते.

पूर्णा गांवाच्या रस्त्यावर पाऊस पडत असतो, मालाच्या गाड्या जात-येत असतात, आणि कडेला उभ्या राहिलेल्या एखाद्या मोटारीतून वाफ निघत असते. घरांतील मंडळी आंत बसून खिडकीच्या कांचेंतून पाहत असतात. अशा वेळीं त्या गृहस्थाच्या कानीं मागच्या सगळ्या पिढ्यांचा एकच सल्ला पोंचला तर पुरे : टोपीवर हात ठेवण्यापूर्वीं गाडी निवूं द्यावी, आणि तेवढ्या वेळांत कप्प्यांतलें पुस्तक काढून वाचावें.